खेळ, प्रार्थना आणि येशूवरचा विश्वास: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं ८०० मीटर पळाले, आता ज्युनिअर मुलामुलींना शिकवते, आणि ख्रिस्ती आहे हे कधी लपवलं नाही, त्यामुळे हे प्रश्न मला ट्रॅकच्या कडेला, बसमध्ये, कधी रात्री साडेअकराला मेसेजवर येतच असतात. मी पाळक नाही, ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. जे वचनात, म्हणजे बायबलमध्ये, वाचलं आणि जे स्पाइक्स (धावायचे खिळ्यांचे बूट) घालून अनुभवलं तेवढंच लिहितेय.

जिंकण्यासाठी प्रार्थना केली तर चालते का? की ते स्वार्थी आहे?

चालते. मनात "देवा, मला जिंकायचंय" असं असताना तोंडाने फक्त "तुझं गौरव होवो" म्हणायचं, हे मला खोटं वाटतं, आणि देवाला आपल्या मनातलं माहीतच असतं. गेथशेमाने बागेत येशूने काय केलं बघा (लूक २२:४२). आधी सरळ सांगितलं की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि मग म्हणाला, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. आधी मनातलं सगळं बाहेर, मग हात मोकळे. माझी मुलं बरेचदा पहिला भाग गाळतात, का तर तो म्हणायची लाज वाटते, आणि मग दुसरा भाग नुसता पाठ केल्यासारखा होतो.

नको ती गोष्ट म्हणजे घासाघीस. "आज जिंकव, मग दर रविवारी चर्चला येईन." मी १९ वर्षांची असताना हे केलंय. रेस जिंकले, आणि पुढचे तीन रविवार गेले, आणि चौथ्याला नाही गेले, आणि मग कितीतरी महिने प्रार्थनेला बसलं की उधारी थकवलेल्या माणसासारखं वाटायचं. देवाने तो सौदा मागितलाच नव्हता, मीच केला होता.

दोन्ही टीम प्रार्थना करतात, मग देव कोणाचं ऐकतो?

दोघांचं. ऐकणं म्हणजे स्कोअर बदलून देणं असं आपण गृहीत धरतो, तिथे घोळ होतो. मत्तय ५:४५ मध्ये येशू म्हणतो की देव आपला सूर्य वाईटांवर आणि चांगल्यांवर, दोघांवरही उगवतो. तोच सूर्य दोन्ही गोलपोस्टवर असतो.

एकदा कॉल रूममध्ये, म्हणजे रेसच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवतात तिथे, माझ्या समोरच्या बाकावर एक मुलगी डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते, आणि डाव्या हाताच्या बोटांमध्ये छोटी रोझरी (क्रूस असलेली जपमाळ) होती, स्पाइक्सच्या पिशवीत ठेवायच्या आधी तिने त्या क्रूसाचं पटकन चुंबन घेतलं. मीही तेव्हा प्रार्थनाच करत होते, आणि खरं सांगते, पहिला विचार आला की आता हिचं ऐकलं तर माझं काय. तो विचार ऐकून मी स्वतःच चपापले. ती दुसरी आली, मी पाचवी. त्या दिवसापासून मी स्टार्ट लिस्ट हातात आली की सगळ्या आठ नावांसाठी प्रार्थना करायला लागले, कोणी पडू नये, कोणाचं हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जाऊ नये, प्रत्येकीला आपलं पूर्ण पळता यावं. पहिल्यांदा दात आवळूनच केली, सवयीने मन त्यात उतरलं.

३ डिसेंबर १९९० ला अमेरिकन फुटबॉलमध्ये जायंट्स आणि फोर्टीनाइनर्सची मॅच संपल्यावर दोन्ही टीममधले काही खेळाडू मैदानाच्या मध्यावर एकत्र गुडघे टेकून बसले होते. त्याआधी तासभर हेच लोक एकमेकांना आडवे पाडत होते. पुढे ही पद्धत त्या लीगमध्ये रुळली. मला ते फार आवडतं, कारण हरलेला आणि जिंकलेला एकाच वर्तुळात असतो.

मग इंटरव्ह्यूत "हा विजय देवाचा" म्हणणं चुकीचं का?

आभार मानणं कधीच चुकीचं नाही. शरीर, फुप्फुसं, वेळ देणारे आईवडील, कोच, हे सगळं मिळालेलंच असतं. फक्त बोलताना असं नको व्हायला की हरलेल्यांवर देवाचं प्रेम जरा कमी होतं. आणि हरल्यावरही तेच नाव तोंडात आलं तर त्या आभारांना वजन येतं, असं मला वाटतं.

मी बुटांवर "फिलिप्पै ४:१३" लिहिलंय, माझा मित्र म्हणतो की त्याचा अर्थ तो नाहीच. खरंय?

मित्र बरोबर आहे, पण बूट पुसू नका. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे वाक्य एकटं वाचलं तर वाटतं की मी कोणालाही हरवू शकतो. पण त्याच्या आधीच्या दोन ओळी वाचा. पौल, म्हणजे हे पत्र लिहिणारा येशूचा प्रेषित, कैदेत आहे आणि म्हणतोय की मला पोटभर खाऊनही राहता येतं आणि उपाशीही, भरपूर असतानाही आणि टंचाईतही. म्हणजे हे वचन मेडल मिळालेल्याइतकंच बेंचवर बसवलेल्याचं आहे, कदाचित जास्तच. ज्याला टीममधून काढलंय त्याने ते बुटावर लिहावं.

पौलाला खेळ चांगलाच माहीत होता असं दिसतं. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन स्पर्धा भरायच्या आणि जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळायचा, जो थोड्या दिवसांत वाळून जायचा. १ करिंथ ९:२४-२७ त्या डोळ्यांनी वाचून बघा, नाशवंत मुकुट, संयम, लक्ष्याशिवाय न धावणं, हवेत ठोसे न मारणं. करिंथच्या लोकांना हे समजावून सांगायची गरजच पडली नसणार.

रविवारी मॅच असली तर काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं एका ओळीत उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

ब्रिटनचा धावपटू एरिक लिडल, त्याची गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या हीट्स (प्राथमिक फेऱ्या) रविवारी, ६ जुलैला होत्या, आणि तो प्रभूचा दिवस म्हणून त्याने पळायला नकार दिला. ऐनवेळी नाही हं, वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी माहीत होतं आणि त्याने तेव्हापासूनच ४०० मीटरची तयारी सुरू केली. टीका बरीच झाली. मग २०० मध्ये ब्राँझ आणि ४०० मध्ये ४७.६ सेकंदांत गोल्ड, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या नजरकैद छावणीत ठेवलं, आणि तिथे फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रेन ट्यूमरने तो गेला. त्या छावणीत अडकलेली मुलं रविवारी रिकामी असायची, खेळताना मारामाऱ्या करायची, आणि ज्याने ऑलिंपिकची रेस रविवारमुळे सोडली होती तोच लिडल मुलांसाठी रविवारी शिट्टी घेऊन रेफरी म्हणून उभा राहिला. मला त्या गोल्डपेक्षा हे जास्त आवडतं. दोन्ही वेळा त्याने प्रेमापोटीच केलं असं मी मानते.

दुसरा जोनाथन एडवर्ड्स, ट्रिपल जंपवाला. रविवारी उडी मारायची नाही म्हणून त्याने १९९१ ची टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप सोडली. १९९३ मध्ये त्याचं मत बदललं आणि त्याच वर्षी त्याला वर्ल्ड ब्राँझ मिळालं, मग १९९५ ला गॉथेनबर्गमध्ये १८.२९ मीटर, जो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही. आणि बर्नहार्ड लँगरने १९९३ ची मास्टर्स गोल्फ स्पर्धा जिंकली ती ईस्टरच्याच रविवारी, आणि तो पक्का विश्वासणारा आहे.

मी स्वतः रविवारी पळायचे. पण शनिवारी संध्याकाळची उपासना कुठे मिळते ते शोधायचे, नाहीतर हॉटेलच्या खोलीत दोघीतिघी मिळून एक अध्याय वाचायचो, आणि आठवड्यातला एक अख्खा दिवस विसाव्याचा ठेवायचे, त्या दिवशी घड्याळ, स्प्लिट्स (टप्प्याटप्प्याच्या वेळा) काही नाही. तुमचा विवेक नाही म्हणत असेल तर मोडू नका, पण आयोजकांना सीझनच्या सुरुवातीलाच सांगा. मॅचच्या आदल्या रात्री सांगून टीमला अडचणीत टाकणं हे मला पटत नाही. आणि शब्बाथ (विसाव्याचा दिवस) माणसासाठी केला गेला हे मार्क २:२७ मधलं वाक्य दोन्ही बाजूंनी वाचा, म्हणजे विसावा सक्ती नाही हेही खरं, आणि विसावा ही तुम्हाला दिलेली भेट आहे, ती फुकट घालवू नका, हेही खरं.

मैदानावर गुडघे टेकणं, आकाशाकडे बोट दाखवणं, क्रूसाची खूण करणं, हा देखावा नाही का?

मत्तय ६ मध्ये येशूने लोकांना दिसावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना झापलंच आहे, खोलीत जा, दार लाव म्हणाला. त्यामुळे प्रश्न योग्य आहे. पण आतलं आपल्याला दिसत नाही. काही जणांना तो एक सेकंदाचा हावभाव खरंच आधार देतो, लहानपणापासूनची सवय असते. मी मुलांना एवढंच विचारते, जिथे एकही कॅमेरा नाही तिथल्या प्रॅक्टिसला पण करतोस का? आणि गोल हुकल्यावर? उत्तर मला देऊ नका म्हणते, स्वतःला द्या.

माझी स्वतःची पद्धत लेस बांधायची होती. डावी लेस बांधताना आभार, उजवी बांधताना विनंती. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं ही लेस बांधतेय.

टी-शर्टवर, हेडबँडवर वचन लिहून साक्ष दिली तर नियमात बसतं का?

खेळानुसार बदलतं, आणि आधी विचारून घ्या. फुटबॉलच्या नियमांत (चौथा नियम) राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा, मजकूर, चित्र किटवर चालत नाही, आणि आतला बनियन दाखवूनही चालत नाही. काका नावाच्या ब्राझीलच्या फुटबॉलपटूने २००७ च्या चॅम्पियन्स लीग फायनलनंतर "मी येशूचा आहे" असा टी-शर्ट दाखवला होता, तो फोटो आजही फिरतो, पण आतल्या कपड्यांवरच्या मजकुराचा नियम २०१४ मध्ये आणखी कडक केला गेला. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये टिम टीबोने जानेवारी २००९ च्या फायनलला डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांवर योहान ३:१६ लिहिलं, आणि पुढच्या वर्षी तिथे त्या पट्ट्यांवर काहीही लिहायला बंदी आली. ऑलिंपिकमध्येही नियम ५० नुसार धार्मिक प्रचाराला मनाई आहे. तरी पॅरिस २०२४ ला ब्राझीलच्या १६ वर्षांच्या रायसा लियालने स्केटबोर्डिंगच्या वेळी साइन लँग्वेजमध्ये योहान १४:६ सांगितलं आणि ब्राँझ घेऊन गेली.

माझं मत विचाराल तर नियम पाळा. २ तीमथ्य २:५ मध्ये पौल म्हणतोच की नियमाप्रमाणे खेळल्याशिवाय मल्लाला मुकुट मिळत नाही. पोटात पाय ठेवणाऱ्या डिफेंडरच्या अंगावर जर वचनाचा टॅटू असेल तर समोरच्याला ते वचन काय सांगणार? रेफरीशी कसं बोलतो, बॉल लागलाय हे स्वतःहून कबूल करतो का, साक्ष तिथेच होऊन जाते.

मी कोच आहे. मॅचआधी मुलांना घेऊन प्रार्थना करू का?

जपून. या विषयावर अमेरिकेत केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, ब्रेमर्टन नावाच्या गावातला शाळेचा फुटबॉल कोच जोसेफ केनेडी मॅचनंतर मैदानाच्या मध्यावर गुडघे टेकायचा, शाळेने हरकत घेतली, आणि २७ जून २०२२ ला कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. विरोधातल्या न्यायाधीशांची काळजी होती ती मुलांवर येणाऱ्या दबावाची, आणि कोच म्हणून मला ती काळजी खरी वाटते. टीम निवडणारा माणूस प्रार्थनेला उभा राहिला की पंधरा वर्षांचं पोरगं "मी येत नाही" म्हणू शकत नाही. त्याला वाटणारच की नाही गेलो तर बेंचवर जाईन.

मी काय करते, तर मी स्वतः वॉर्मअपच्या आधी दहा मिनिटं बाजूला बसते, कोणाला बोलावत नाही. कोणी स्वतःहून येऊन बसलं तर बसू देते. आणि मुलांच्या नावाने प्रार्थना घरी करते, रोज, यादी डायरीत आहे, त्यात ख्रिस्ती नसलेली मुलंच जास्त आहेत.

दुखापत बरी होत नाहीये. लोक म्हणतात विश्वास कमी पडतोय.

हे वाचून मला अजून राग येतो. माझ्या नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं तेव्हा एका ओळखीच्या, मोठ्या माणसाने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मग म्हणाला, आता क्रचेस सोड, विश्वास असेल तर सोडशील. मी सोडल्या. आठ दिवसांनी परत स्कॅन केलं तेव्हा रेघ आधीपेक्षा लांब झाली होती आणि पूर्ण सीझन गेला. हाडापेक्षा जास्त वेळ मला हे समजायला लागला की देव मला सोडून गेला नव्हता.

पौलाच्या शरीरात काटा होता, तो काढ म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे (२ करिंथ १२:९). काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणेल का? डॉक्टरांकडे जा, फिजिओचे कंटाळवाणे व्यायाम करा, आणि ते करता करता प्रार्थना करा. २ जानेवारी २०२३ ला अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅम्लिन मॅच चालू असताना मैदानावर कोसळला, हृदय थांबलं, तेव्हा वैद्यकीय टीम त्याच्या छातीवर दाब देत होती आणि त्याच वेळी दोन्ही टीमचे खेळाडू गुडघ्यांवर होते. दोन्ही चालू होतं, कोणी कोणाला थांबवलं नाही. तो वाचला आणि पुन्हा खेळला.

प्रचंड टेन्शन येतं, रडू येतं. स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टकडे जाणं म्हणजे देवावर विश्वास नसणं का?

अजिबात नाही. जेमिमा रॉड्रिग्जचं बोलणं ऐकलंत ना? ३० ऑक्टोबर २०२५, वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया, ३३९ चं टार्गेट, आणि ती १२७ नॉट आउट. त्यानंतर तिने येशूचे आभार मानले आणि त्याच दमात सांगितलं की या दौऱ्यात ती जवळजवळ रोज रडली, अँझायटीतून जात होती, आणि शेवटी शेवटी अंगात त्राण नव्हतं तेव्हा ती एकच वचन घोळवत होती, तू शांत उभी राहा, देव तुझ्यासाठी लढेल. ते निर्गम १४:१४ मधलं आहे. माझ्या ग्रुपमधल्या दोन मुलींनी ते बघून पहिल्यांदा घरी सांगितलं की त्यांना रात्री झोप लागत नाही. लपवू नका, घरच्यांना सांगा, कोचला सांगा, गरज असेल तर तज्ज्ञाला भेटा.

प्रार्थना आणि लकी सॉक्स, यात फरक काय?

सॉक्स विसरलात तर घाबरता. प्रार्थना विसरलात आणि तसंच घाबरलात, "आता आज काही खरं नाही" असं वाटलं, तर तिचाही सॉक्स झालाय असं समजा. देव रुसून बसत नाही.

चॅप्लिन म्हणजे कोण? त्याच्याशी बोललेलं कोचपर्यंत जातं का?

टीमबरोबर आत्मिक आधारासाठी असलेला माणूस, बरेचदा पाळक किंवा फादर. चांगला चॅप्लिन निवडीत पडत नाही आणि ऐकलेलं बाहेर नेत नाही, म्हणूनच खेळाडू त्याच्याशी बोलतात. ऑलिंपिक व्हिलेजमध्ये सगळ्या धर्मांसाठी अशी जागा असते. खेळाडूंच्या ख्रिस्ती संघटनाही जुन्या आहेत, अमेरिकेतली फेलोशिप ऑफ ख्रिश्चन अ‍ॅथलीट्स १९५४ पासून आहे.

मोठे खेळाडू विश्वास सोडतात तेव्हा मी काय समजू?

वर लिहिलेला जोनाथन एडवर्ड्स, रिटायर झाल्यावर काही वर्षांनी त्याने सांगितलं की त्याचा आता देवावर विश्वास राहिला नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, मी त्याच्यामुळे लिडलबद्दल वाचायला लागले होते. पण त्याने प्रामाणिकपणे सांगितलं याचा मला आदर आहे. त्यातून मी स्वतःला एक प्रश्न विचारला, की खेळ संपल्यावर माझ्या प्रार्थनेत काय उरेल? कारण दहा वर्षं माझी प्रत्येक प्रार्थना कुठल्या ना कुठल्या रेसबद्दलच होती. मग मी मुद्दाम इतर गोष्टींसाठी प्रार्थना करायला लागले, शेजारणीचं ऑपरेशन, भावाची नोकरी, आणि कधी काहीच न मागता नुसतं बसणं. ते आधीच सुरू केलं म्हणून रिटायरमेंटनंतरचं वर्ष निघालं. तुमचं करिअर चालू असतानाच करा हे.

हरल्यावर प्रार्थना करावीशीच वाटत नाही.

मग स्तोत्र १३ उघडा. "हे परमेश्वरा, कुठवर?" अशीच सुरुवात आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर ते वापरा, ओरडून वाचलंत तरी चालेल, गाडीत बसून वाचा.

रेसच्या दिवशी तुम्ही नेमकं काय करायचात?

सकाळी उठल्यावर फोनच्या आधी प्रभूची प्रार्थना, हळू, एकेक ओळ. नाश्त्याला आभार. वॉर्मअपच्या जॉगिंगमध्ये श्वासाबरोबर एक जुनी प्रार्थना, श्वास घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता", सोडताना "माझ्यावर दया कर", पाय आपोआप त्या लयीत पडायचे. कॉल रूममध्ये आठ नावं. मग लेस. ८०० ला "सेट" नसतं, "ऑन युवर मार्क्स" झालं की थेट गन, त्यामुळे रेषेवर उभं राहिल्यावर फक्त "आमेन" एवढाच वेळ मिळायचा, आणि पुढची दोन मिनिटं मी पळायचे.